मागचा डावा टायर

पौषातले ऊन परभणीत आधी जिनिंगच्या पत्र्यावर येई, मग रांगेत उभ्या कापसाच्या गाड्यांवर, मग रस्त्यावरच्या धुळीवर. रात्रीच्या थंडीने धूळ दबलेली असे, म्हणून ऊनही पाय न वाजवता चालल्यासारखे पुढे सरके. शेवटी ते दिनकररावांच्या मोटारखान्यात शिरे आणि जुन्या मोटारीच्या काळ्या अंगावरून सावकाश खाली उतरे. उजव्या बाजूने सरळ उतरे.

डाव्या बाजूला मात्र जरासे अडे...

ही हकीकत खरी आहे. फसली १३५३ सालची, भर सकाळची. दिनकररावांचा मिस्त्री बन्सीधर याने ती आयुष्यात एकदाच सांगितली, तीही दिवसाउजेडी.

मोटारीचा मागचा डावा टायर बाहेरच्या कडेने गुळगुळीत झाला होता. उजव्याची नक्षी शाबूत होती. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, परवान्याशिवाय टायर मिळत नसे. हा गेला तर मोटार बंद, आणि मिस्त्री बन्सीधर परत गावी, औतामागे.

त्याने हवा पाहिली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी लावून दोन्ही बाजू मोजल्या. सारख्या होत्या. टायरांची अदलाबदल केली.

महिन्याभरात डावीकडे आलेला चांगला टायरही झिजला.

म्हणजे दोष टायरात नव्हता. डाव्या बाजूला वजन पडत होते. पण तिथे कोणी बसतच नव्हते...

ती जागा आश्रुबाची होती. आधीचा मिस्त्री; बन्सीधर तेव्हा त्याच्या हाताखाली. दिनकरराव मोटार चालवीत, आश्रुबा मागे डावीकडे बसून तळाला कान लावी आणि दुखणे अचूक सांगे. सगळे त्याच्या कानांचे कौतुक करीत. सुमनबाईने, बन्सीधरच्या बायकोने, एकदा जेवताना केले, तेव्हा बन्सीधर ताटावरून उठला होता.

गेल्या पौषात पाथरीच्या रस्त्यावर स्प्रिंगची कमान मागच्या आसाला आवळणारा बोल्ट तुटला, मागची चाके सरकली आणि मोटार नाल्यात गेली. दिनकरराव वाचले, मोटारही. आश्रुबा नाही.

नटबोल्ट आवळायचे त्याचे पाने बन्सीधरच्या हाती आले; पण त्यांच्या दांड्या दुसऱ्याच बोटांनी झिजलेल्या होत्या.

त्या सकाळी दिनकरराव पुन्हा म्हणाले, आश्रुबा असता तर बसल्या बसल्या सांगितले असते.

मेलेल्या माणसाचा इतका हेवा वाटावा, याची बन्सीधरला लाज वाटली. हेवा मात्र गेला नाही.

"मालक, तुमी चालवा. मी बसतो मागं."

तो उजवीकडे बसला. मोटार पाथरीच्या वाटेला लागली. शेजारची जागा रिकामी होती.

मग... तिथल्या गादीची स्प्रिंग कुरकुरली.

चामडे हळूहळू खाली दबले.

मोटार डावीकडे कलली.

आणि खालून आवाज आला. कट... कट...

बोल्ट त्याने कालच स्वतः आवळला होता.

"बन्सी... ऐकू येतंय का रं?"

"काय मालक?"

"मी कुठं काय बोललो?" दिनकररावांनी मागे न पाहता विचारले.

ऐकू येतंय का, हाच प्रश्न गेल्या वर्षी, नाल्यात जायच्या त्या सकाळी, आश्रुबाने विचारला होता. बोलणे दबके होते; म्हाताऱ्याला प्रथमच स्वतःच्या कानांची खात्री वाटत नव्हती. मालकासमोर बन्सीधर हसला होता.

"काय न्हाई, काका. कान म्हातारे झाले तुमचे."

मालकही हसले होते. आश्रुबा मान खाली घालून आपल्या जागी बसला होता, आणि मोटार निघाली होती.

वर्षभर बन्सीधर स्वतःला सांगत आला, ऐकू आले नाही म्हणून नाही म्हटले.

दिनकररावांनी मोटार कडेला घेतली. इंजिन बंद केले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते.

कट... कट...

चाके उभी होती.

"सापडलं का रे दुखणं?" मालकांनी विचारले.

बन्सीधरने शेजारी पाहिले. चामड्यातला खळगा तसाच होता. कोणी उत्तराची वाट पाहत बसावे, तसा.

"न्हाई, मालक," तो म्हणाला.

टायर पुढेही झिजतच राहिला. मोटार बंद झाली, बन्सीधर गावी गेला. का झिजत होता, हे कोणत्याही मिस्त्रीला सांगता आले नाही. बन्सीधरने शेवटी सांगितले ते एवढेच.

गेल्या वर्षी, त्या सकाळी, त्याला तो आवाज स्वच्छ ऐकू आला होता.