भिंतीपलीकडचा मायक्रोवेव्ह

सिग्नल शोधत, लॅपटॉप पोटाशी धरून मी गॅलरीत आले, तेव्हा स्क्रीनवरच्या मुलाखतवाल्या बाई तोंड उघडून गोठल्या होत्या. मग त्याही गेल्या... शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत नवा भाडेकरू, केस ओले, हातात काचेचं भांडं.

"तुमच्याकडे चाललंय तरी काय?" मी तडकलेच. "रोज दुपारी माझं वायफाय जातं!"

"वरण," तो शांतपणे म्हणाला. "नानांचं."

गौतमचा आणि माझा हा पहिला संवाद.

मला ती नोकरी हवीच होती, कारण ती घरून करता येणार होती. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. लालबागच्या खोलीत तिला एकटं टाकून ऑफिस गाठणं शक्य नव्हतं. कंपनीनं भलेपणानं पुन्हा वेळ दिली – शुक्रवारी, पण नेमकी भर दुपारचीच.

दुसऱ्या दिवशी गौतम स्वतःच आला. "चोर माझ्या घरात असेल, तर शोधू या की."

मग तो त्याच्या खोलीत एकेक वस्तू बंद करायचा. अजून तुटतंय असं दिसलं, की मी मधल्या भिंतीवर थाप मारायची. ब्लूटूथ स्पीकर बंद... थाप. बिनतारी बेल... थाप. दिव्यांची माळ... थाप.

"नुसत्या थापा मारतेस!" पलीकडून तो हसला.

"आणि तू नुसता हसतोस. शोध ना!" 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

मग त्यानं मायक्रोवेव्ह बंद केला... आणि माझा उचललेला हात तसाच राहिला.

मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं दुपारचं जेवण त्यातच गरम व्हायचं. मुलं-सुना सकाळी स्वयंपाक उरकून कामावर जात, आणि गौतमची ड्युटी दुपारी उशिरा सुरू होई. सगळे स्टीलचे डबे घेऊन येत, तो त्यातलं जेवण काचेच्या भांड्यात काढून घेई. कोपऱ्यातल्या खोलीतले नाना मात्र मायक्रोवेव्हचं दार लोखंडी कपाटासारखं आपटून लावत, म्हणून ते पार सैल झालेलं. त्यातून निसटणाऱ्या लहरी भिंतीलगतच्या माझ्या राउटरच्या लहरींत मिसळत. मायक्रोवेव्हच्या जाड पिनेचा पॉइंट त्याच भिंतीला, आणि माझ्या राउटरची वायरही तिथवरच, त्यामुळे दोन्ही हलवता येईनात.

'शुक्रवारी बंद ठेवशील?' एवढंच विचारायला मी गेले. दारातून पाहिलं, नाना वाफाळत्या भाताचा घास घेऊन लहान मुलासारखे खूश झाले होते. माझ्या नोकरीपायी यांना थंड भात खायला लावायचा? जीभ रेटेना. तशीच परत फिरले. रात्रभर स्वतःवरच चिडले.

शुक्रवारी मुलाखत एकदाही तुटली नाही. "सोमवारपासून रुजू व्हा," त्या बाई म्हणाल्या. मी आनंदानं उठले आणि आईला सांगायच्या आधीच पाय शेजारी वळले. का, ते मला तेव्हाच उमगलं.

त्याच्या दाराबाहेर गॅलरीभर रांग. आत गौतम गॅसवर एकेकाचा डबा पातेल्यात ओतून गरम करत होता, घामाघूम. मायक्रोवेव्हचा प्लग काढून ठेवलेला.

"झाला काय गो तुझा?" रांगेतून नलूआजींनी विचारलं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं!

"मी तर... बंद ठेव म्हटलंही नव्हतं," मी गौतमला म्हणाले.

"म्हणायला आली होतीस. दारातूनच परत गेलीस, ते बघितलं मी." तो वरण ढवळत राहिला, वर न बघता. "मिळाली?"

मी मान डोलावली. आत्ता नाही बोलले, तर पुन्हा दारातून परत जाईन...

"गौतम... तू मला आवडतोस. खूप."

डाव त्याच्या हातात तसाच राहिला. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"रुचा, अगं... वरण लागतंय खाली—"

"लागू दे रे," मागून नाना म्हणाले, रिकामं ताट हातात धरून. "आधी तिला उत्तर दे."