हितेंद्र मास्तरांनी टाळ धरला

धुळ्याच्या देवपुरात, हार्मोनियम दुरुस्तीच्या दुकानावर हितेंद्रचा इंग्रजीचा क्लास. दुकानात टाळाची दोरी बदलायला आलेली नूतन चुकून जिना चढली आणि थेट क्लासच्या दारात उभी राहिली... फळ्यावर तेव्हा लिहिलेलं होतं — ‘चिअर ऑन’.

“म्हणजे काय हो, सर?” तिनं दारातूनच विचारलं.

पोरं हसली. हितेंद्र गडबडला. “म्हणजे... मॅच चालू असताना आपण ओरडतो ना, तसं बळ द्यायचं. रुसलेल्याला हसवायचं ते ‘चिअर अप’. हे मात्र काम चालू असतानाच — संपल्यावर नाही.”

“संपल्यावर शाब्बास म्हणणारे ढिगानं भेटतात!” ती म्हणाली. “आमच्या गावच्या सप्ताहात माझं पहिलं कीर्तन आहे. या... चालू असताना!”

सप्ताहाला पंधरा दिवस होते. तेवढ्यात नूतनच्या टाळाची दोरी आणखी तीनदा तुटली. प्रत्येक वेळी जिना मात्र चुकला! तिसऱ्यांदा ती हळूच बोलली, “वडील म्हणतात, हे कीर्तन तडीस गेलं तर पुढं खुशाल कर. फसलं, तर पुन्हा नाव काढायचं नाही.”

साक्रीजवळच्या त्या गावात हितेंद्र पोचला तेव्हा मांडव फुलून गेला होता. नूतन नारदाच्या गादीवर उभी राहिली. नमन झालं, अभंग घेतला... आणि दुसऱ्याच चरणाशी अडली. शब्द फुटेना. तिच्या वडिलांनी, कौतिक नानांनी, मान खाली घातली.

हितेंद्रला राहवलं नाही. ताडकन उठून, टाळ्या पिटत तो ओरडला, “कम ऑन, नूतन! कम ऑन!”

अख्खा मांडव त्याच्याकडे वळला. टाळकऱ्यांतले म्हातारे वना आबा शांतपणे त्याच्यापाशी आले आणि आपला टाळ त्याच्या हातात ठेवला.

“मास्तर, आठे टाया नही, टाळ वाजाडतस. चाल, मांगे उभा ऱ्हा!”

टाळ्या सोडून, टाळ धरून तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. कीर्तनात एकट्यानं कुणी गातच नाही. बुवांचा श्वास सरला, की मागचे धरून नेतात. आबांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ उचललं, मांडवानं झेललं, हितेंद्रच्या बेताल टाळानंही. नूतननं डोळे मिटले... आणि ती गायली!

काय तो आवाज! समईची ज्योतसुद्धा ऐकत थांबली असावी. हितेंद्रच्या हातातला टाळ हातातच राहिला. जिना चुकणारी ती हीच का?

शेवटी रिवाजाप्रमाणे सगळे कीर्तनकाराच्या पाया पडायला रांगेत लागले. पहिले नाना. पांढऱ्या केसांचा बाप लेकीपुढे वाकला. “पुढच्या वर्षीही तूच उभी ऱ्हा, बाई,” एवढंच त्यांना बोलता आलं.

मग हितेंद्र वाकला. ती झटकन मागे सरली.

“तुम्ही नका!”

“का? नानासुद्धा पडले.”

“बठ्ठं गाव पडू दे...” ती पदर सावरत पुटपुटली, “पण ज्याच्याशी लग्न करायचं, त्याला कशी पाया पडू देऊ?”

हितेंद्र वाकलेला तसाच राहिला... मागून रांगेतल्या गावच्या सुमनबाई ओरडल्या, “सरका ना मास्तर, रांग तुंबली!”