शेजारची सीट

डोळे मीट आणि मनात एक गॅरेज उभं कर. पत्र्याचं छप्पर, ताज्या रंगाचा वास, मधोमध दूध पोचवणारी एक जुनी व्हॅन. पुढे, चालकाच्या शेजारच्या सीटवर पाय हलवत बसलीय ती खार. सात वर्षांची पोर. घडीभर एका जागी ठरत नाही, म्हणून हे नाव. आणि व्हॅनखाली घट्ट बसलेला बोल्ट सैल करून पुन्हा घट्ट करतोय, तो तिचा मामा, इथला मिस्त्री.

त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज बाई गाडी न्यायला येणार होत्या.

बाई लोकांना समुद्रात डायव्हिंग शिकवायच्या. तीन आठवड्यांपूर्वी त्या फक्त एका गाड्यांच्या शोरूमचा पत्ता विचारायला आत शिरल्या होत्या. त्यांना एक उंच, चकचकीत जीप घ्यायची होती. मिस्त्रीनं मान वर न करताच विचारलं, "पाण्यातून दमून आल्यावर हवेचं सिलिंडर कमरेच्या वर कोण चढवणार?"

बाई थबकल्या. मग त्यानं ही व्हॅन दाखवली. ठेंगणी, आतून ॲल्युमिनियमची, रोज धुवायची म्हणून तळाला पाणी जायला भोक. बाईंनी व्हॅनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे... जरा जास्तच वेळ.

व्हॅन ठरली, आणि तेव्हापासून त्या रोज यायच्या, 'काम कुठवर आलं' बघायला. मिस्त्रीनं मोठ्या हौसेनं तळाला मऊ गालिचा अंथरला, तेव्हा त्या पोट धरून हसल्या. त्यावर खाऱ्या पाण्यानं निथळणारे पोशाख पडणार होते ना! त्यानं कान लाल करून गालिचा काढला, रबर घातलं. सिलिंडर गडगडू नयेत म्हणून पट्टे लावले, कपडे बदलायला मागे बाक केला, खिडकी कापली. खारीला बाईंनी एक नियम शिकवला: पाण्यात कुणी एकट्यानं उतरायचं नाही, आणि उतरण्याआधी जोडीदाराच्या पट्ट्याला दोन हिसके देऊन बघायचे. त्या दिवसापासून खार दिसेल त्याच्या पट्ट्याला हिसके देत सुटली.

यादीतलं एकच काम राहिलं होतं: शेजारची सीट काढणे. तिथे बाईंना सामानाची पेटी ठेवायची होती. चार बोल्टचं काम. मिस्त्री रोज पान्हा उचलायचा आणि रोज खाली ठेवायचा.

बाई आल्या. पट्टे ओढून पाहिले, बाकावर बसून पाहिलं, आणि शेवटी सीटवर नजर गेली.

"हे राहिलंच की, मिस्त्री."

"राहिलं नाही." तो व्हॅनखालून बाहेर आला, पान्हा काखेत धरून हात पुसत राहिला. पुसायला काही उरलं नव्हतं. "पाण्यात एकटं उतरायचं नाही म्हणता... मग एवढा लांबचा रस्ता एकटीनं का?"

बाईंची नजर सीटवरून हलली नाही. मिस्त्रीला वाटलं, तीन आठवडे जपलेलं आपण एका वाक्यात घालवलं.

"पोहता येतं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"पाण्याची भीती?"

"थोडी... बरीच."

"मग शिकायला वेळ लागेल," त्या हळूच म्हणाल्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू अडलं होतं. "एका मोसमात नाही व्हायचं. पान्हा ठेवा खाली. आधी गाडी नीट चालते का बघू... चला."

मिस्त्री जागचा हलेना. सीटवर तर खार बसली होती, आणि 'ही माझी जागा' म्हणून तीन आठवडे तिनं कुणाला तिथे टेकू दिलं नव्हतं.

खारीनं दोघांकडे पाहिलं. मग तिनं टुणकन उडी मारली, मामाला बाहीला धरून सीटवर बसवलं, त्याचा पट्टा लावला आणि एक हिसका दिला. मग दुसरा. आणि मागच्या बाकावर जाऊन, तोंड खिडकीकडे करून बसली.