भिंगाचा पडदा

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मॅनेजर तर तोंडावर हसला. तुम्हीही हसणार असाल पोरींनो, तर आत्ताच उठा.

जुनं दीपगृह रंगवून पाहुण्यांना खुलं केलं, तेव्हा मला तिथं झाडायचं काम मिळालं, ह्यांना राखणीचं. माझे सासरे तिथलेच शेवटचे दिवेकरी. ते सांगायचे, उजाडायच्या आत भिंगाभोवती पडदा ओढायचा, नाहीतर ऊन भिंगातून एका जागी येतं आणि लाकूड पेटतं. आता पडदाच नव्हता. वरची फळी रोज थोडी जळायची. मॅनेजर म्हणाला, तुझा नवरा वर विड्या ओढतो. अजून एकदा जळली की काम गेलं. मी म्हटलं, त्यानं जन्मात विडी धरली नाही, पडदा तुम्हीच कचऱ्यात घातलात. कचाकचा भांडले. हे आपले गप्प.

रविवारी पहाटे, पाच वाजून दहा मिनिटं. ह्यांना झोपू दिलं, जुनी चादर खांद्यावर टाकली आणि निघाले. म्हटलं, भिंग आपणच झाकू, मॅनेजरच्या नाकावर टिच्चून.

एकशे बारा पायऱ्या. निम्म्यावर होते, तर वर कोणीतरी खोकलं. वाटलं, सापडला विडीवाला. थांब मेल्या, आलेच.

पावलं वर चढू लागली. एक पाय टाकत... एक ओढत.

असं चालणारा एकच माणूस मला माहीत होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.

वर पोचले. दार उघडं. आत... पडदा होता.

भिंगाभोवती पुरता ओढलेला. त्यातून पाणी गळत होतं. कड्या अजून हलत होत्या.

"मामंजी?"

कड्या थांबल्या. पडद्याआड श्वास... मग अगदी हळू,

"त्याला विचार."

खाली कशी आले, ठाऊक नाही. दहा वाजता मॅनेजरला वर नेलं. पडदा नाही. फळी कोरडी. तो हसला तो तेव्हा.

घरी आले. हे खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेले. पायथ्याशी पडद्याची घडी. ओली, शेवाळलेली. मी विचारायच्या आधीच हे बोलले. रोज पहाटे चढून ओढायचा कंटाळा आला, म्हणून पहिल्याच आठवड्यात दगड बांधून समुद्रात सोडला होता. चार महिने झाले.

"मग इथं कोणी आणला?"

घडीतून दोरी लोंबत होती... तिला दगड अजून बांधलेला.

सोमवारी मॅनेजरच्या टेबलासमोर मीच उभी राहिले. म्हटलं, फळी कोणी जाळली विचारत होतात ना? लिहून घ्या. माझा नवरा.