घरी न्यायचा श्वास

कीलुंग बंदरामागच्या टेकडीवर एक इस्पितळ आहे. त्याच्या तळघरात, औषधांच्या भांडाराला लागून, दुखण्यांना संकेतांक देणारी माणसं बसतात. वर डॉक्टर काहीबाही खरडतो, खाली ही मंडळी ते वाचतात आणि ज्या त्या दुखण्याला ग्रंथातल्या ज्या त्या घरात नेऊन बसवतात. न्यूमोनिया इकडे, मासा चिरताना कापलेलं बोट तिकडे. डॉक्टरनं जे लिहिलं नाही ते आपण लिहायचं नाही, हा तिथला पहिला आणि शेवटचा धर्म.

पेइ-लिंग हे काम शिकत होती. उमेदीची वर्षं मासळीबाजारात बर्फात हात घालण्यात गेली, बोटं आखडली, तेव्हा तिनं हा अभ्यास धरला. परीक्षेत दोनदा आपटली. सासू म्हणाली, "बांगडा आणि सुरमई ओळखतेस ना? मग बास की." पेइ-लिंगनं तिसऱ्यांदा फी भरली. आता परीक्षेला बसायचं तर विभागप्रमुख यू ताईंची सही हवी होती, आणि दिलेले सगळे रोग्यांचे कागद संकेतांक घालून मिटल्याशिवाय यू ताई आपल्या बापालाही सही देणाऱ्या नव्हत्या.

सगळे मिटले. एक मिटेना.

लाइ आजोबा. वय झालेलं, न्यूमोनिया, फुप्फुसात पाणी. अवघड काहीच नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'अत्यवस्थ, घरी नेले.' आमच्याकडे तसंच करतात. इस्पितळात मरणं म्हणजे परक्याच्या ओसरीवर मरणं. अखेरचा श्वास शिल्लक असताना माणसाला रुग्णवाहिकेत घालायचं, श्वास भरणारा रबरी फुगा दाबत घरी न्यायचं, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर निजवायचं आणि मगच नळी काढायची. वाटेत पूल आला की मुलानं कानाशी सांगायचं, "बाबा, पूल आला हं," नाहीतर जीव अलीकडेच राहतो.

पेइ-लिंगनं संकेतांक घातले, कागद मिटवला. सकाळी तो संगणकावर पुन्हा उघडलेला. घरी गेल्यानंतरच्या तारखेची नोंद खाली आली होती. नाडी, रिकामी. रक्तदाब, रिकामा. श्वास, एक.

"यंत्र बिघडलंय," यू ताई म्हणाल्या आणि संगणकावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवली. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून सगळेच ठेवतात. जुनी पुडी शिळी झाली होती, त्यामुळे यू ताईंना आपलं निदान पटलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा. श्वास, एक.

पेइ-लिंग वर डॉक्टर हुंगकडे गेली. "डॉक्टर, हे आजोबा गेले असं लिहून द्या."

"मी पाहिलं का त्यांना जाताना? जिवंत माणूस गाडीत घातला मी. पुढचं घरच्यांना विचारा."

"घरच्यांना विचारायचं आमच्या नियमात नाही."

"मग नापास व्हा," डॉक्टर म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

नापास व्हायचं नाही, एवढं तिचं ठरलेलं होतं. तिनं आजोबांच्या सुनेला फोन लावला. सून आधी तडकली, मग हळू आवाजात म्हणाली, "नळी काढली तेव्हा छाती हललीच नाही हो. जणू गाडीतून रिकामेच उतरले."

"कुठं नेलंत?"

"इथंच, आमच्या फ्लॅटवर. सहावा मजला. लिफ्टनं. त्यांचं घर होतं ची-दूला, ते आम्ही मागेच विकलं. पाट्या इथं आणल्या ना, मग घर हेच झालं की नाही?"

पेइ-लिंगनं तळहातावर 'ची-दू' लिहून घेतलं.

"त्यांनी हा फ्लॅट कधी पाहिलाच नव्हता," सून म्हणाली. "जुन्या जागी आता दुकान आहे, रात्रंदिवस उघडं असतं ते. जिथं चहातली अंडी उकळतात ना, तिथं आमचा दिवाणखाना होता."

दुपारच्या जेवणाच्या वेळी पेइ-लिंग आजोबांच्या वॉर्डात गेली. खिडकीजवळची खाट रिकामी, चादर ताणून घातलेली. शेजारचा रोगी झोपला होता. आपण शिकलेली बाई आहोत, असं तिनं मनाशी एकदा म्हणून घेतलं.

"लाइ आजोबा," ती म्हणाली, "चला. घरी जायचंय."

काही झालं नाही. मग गादी मधोमध हळूहळू वर आली. कुणी उठलं की येते तशी.

ती मागे न बघता निघाली. बसमध्ये दोन जागांच्या बाकावर खिडकीची जागा सोडून बसली. पलीकडच्या बाकावर कांद्याची पात घेतलेली एक म्हातारी होती. नदी दिसू लागली तशी पेइ-लिंग हळूच म्हणाली, "आजोबा, पूल आला हं."

म्हातारीनं खिडकीच्या जागेकडे पाहिलं. "सासरे?"

"ओळखीचे."

"थंडी वाजतेय त्यांना," म्हातारी म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

ची-दूला दुकान सापडलं. पेइ-लिंग रस्त्याच्या अलीकडेच थांबली.

काचेचं दार आपोआप उघडलं.

"या," गल्ल्यावरची मुलगी मान वर न करता म्हणाली. मग तिनं मान वर केली. अंड्यांच्या पातेल्यापाशी जायची वाट मोकळी करून ती एक पाऊल बाजूला सरली. आपण का सरलो हे तिचं तिलाही कळलेलं दिसलं नाही.

दार मिटलं.

सकाळी कागद मिटलेलाच होता. यू ताईंनी तो वरून खाली वाचला, खालून वर वाचला.

"काय केलंस?"

"घरी सोडलं."

यू ताईंनी चष्मा काढून पुसला. "मला सांगू नकोस. नियमात नाही ते." आणि सही केली. शाई वाळेपर्यंत त्या कागदावर फुंकर घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "या वॉर्डांतून किती जण घरी नेलेत गं आपण, इतक्या वर्षांत? आणि घरं तर सगळेच विकतात."

संध्याकाळी पेइ-लिंग सहीचा कागद पिशवीत घालून थांब्यावर आली. ती एकटीच होती. बस आली, ती चढली. चालकानं दार लावायला हात पुढे केला आणि तो तसाच अधांतरी ठेवला. आरशात बघत, रोजच्या कंटाळलेल्या आवाजात तो म्हणाला, "मागे सरका, मागे सरका. सगळ्यांना चढू द्या."

बस दाराच्या बाजूला हळूच कलली. आणि कलतच राहिली.