सदतिसावं चित्र

ही गोष्ट घडलेली आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत.

ताई कधीच खोटं बोलत नाही, असं मी म्हणणार नाही. का, ते पुढे कळेल. पण ही गोष्ट तिने रचलेली नाही, कारण तिचा पुरावा माझ्याजवळ आहे. एका पाकिटात. लांबी जेमतेम चार सेंटिमीटर.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. हिला लागली नाही. मंगळवार होता. दुपारचे दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, स्वच्छ ऊन पडलं होतं.

ताई फोटो काढायची. तिची मैत्रीणही काढायची. मैत्रिणीच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणायचे. दोघींना ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचं वेड. तयार रिळं परवडायची नाहीत, म्हणून दोघी मिळून शंभर फुटी फिल्मचा डबा घ्यायच्या. तोही मुदत संपलेला.

दुकानदार डबा पुढे सरकवताना दर वेळी म्हणायचा, "पोरींनो, चांगली निघाली तर तुमचा हात. खराब निघाली तर माझं नाव काढू नका."

एवढ्या फिल्ममधून अठरा रिळं व्हायची. त्यासाठी लोडर नावाचं एक काळं, जाडजूड खोकं असतं. त्याच्या पोटात सगळी फिल्म, बाजूला हँडल, वर हँडलबरोबर पुढे सरकणारी आकड्यांची चकती. फिल्मचं टोक बाहेर असतं. ते रिकाम्या डबीच्या दांडीला चिकटपट्टीने लावायचं, लहान झाकण बंद करायचं आणि मगच हँडल फिरवायचं. झाकण बंद असेल तर हे काम भर उजेडात होतं. ताई फिरवायची, ठिपकी मागे खाटेवर बसून मोजायची. टक... एक. टक... दोन. छत्तीस झाले की थांबायचं.

फक्त चिकटपट्टी लावताना जे टोक उजेडात येतं, ते जळतं, धुतल्यावर काळं निघतं. छत्तीस फोटो काढून झाले की रिळात आणखी एक बसतो. सदतिसावा. तो जळकाच निघणार. त्याला इलाज नाही.

म्हणून दोघींचा एक नियम होता. सदतिसावं चित्र एकमेकींचं काढायचं. येणारच नसतं, मग जीभ काढा, डोळे फिरवा, काय वाटेल ते करा. अशी किती चित्रं काढली असतील, देव जाणे.

एकही कुणी पाहिलेलं नाही.

आता मूळ दुखणं सांगते.

ताई फोटो काढायची ते फूटपट्टी लावल्यासारखे. चूक काढायला जागा नाही. तिचे फोटो पाहून लोक म्हणायचे, "छान आहेत हं." ठिपकीचे पाहून काही म्हणायचेच नाहीत. नुसते बघत बसायचे.

ते ताईला खुपायचं. ठिपकी चहा करायची त्याच हाताने फोटो काढायची, कॅमेरा पुसायची नाही, मोजमाप करायची नाही. तरी उजेड आपणहून येऊन तिच्या फोटोत बसायचा. मांजर बसतं तसा.

मग संग्रहालयात जागा निघाली. शिंपल्यांच्या जुन्या संग्रहाचे फोटो काढायचे. जागा एकच. प्रमुख बाईंनी दोघींना सांगितलं, प्रत्येकीने एकेक रीळ काढून आणा, मग ठरवू.

दोघींनी एकाच डब्यातून रिळं भरायला घेतली. ताईचं भरून झालं. ठिपकीचं भरायच्या आधी ठिपकी खाली ब्लेड आणायला गेली. जाताना म्हणाली, "माझंही भरून ठेव गं. मोजायला चुकू नकोस, मी नाहीये."

ताई चुकली नाही. छत्तीस बरोबर मोजले.

पण झाकण उघडं होतं.

उघडं राहिलं नव्हतं. ताईने डाव्या हाताने धरून ठेवलं होतं. सगळी फिल्म उन्हातून जाऊन डबीत गुंडाळली गेली. मग तिने डबी काढली आणि ठिपकीच्या पिशवीत ठेवली.

ठिपकीने फोटो काढून रीळ धुतलं, तेव्हा पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी निघाली.

"जुनी फिल्म," ताई म्हणाली. "काय भरवसा."

ठिपकी हसली. "एकाच डब्यातली ना गं? तुझी गोरी, माझी तेवढी काळी."

"नशीब एकेकाचं."

ठिपकीने तो विषय तिथेच सोडला. पुन्हा कधीच काढला नाही. ताईला जागा मिळाली. चार महिन्यांनी ठिपकीला ताप आला. आठ दिवस दवाखान्यात होती. ताईला निरोप गेला होता. ताईने कळवलं, काम आहे.

नवव्या दिवशी ठिपकी गेली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ताईने नवा डबा घेतला. या वेळी चांगल्या मुदतीचा. सील तिने स्वतः फोडलं.

पहिलं रीळ काढून झालं, ते धुवायला ती बाथरूममध्ये गेली. दाराला घोंगडी लावली, फटी बुजवल्या. आत मिट्ट काळोख. डबी उघडून फिल्म चक्रीवर चढवली. आता टोक कापायचं. दोघी असताना ताई न बोलता डावा हात लांब करायची, ठिपकी त्यात कात्री ठेवायची. सवयीने ताईचा हात लांब झाला...

आणि कात्री हातात आली.

मुठीकडून. जरा कोमट.

ताईने फिल्म कापली, टाकीत घातली, झाकण लावलं. हात सवयीने चालत राहिले. दिवा लावला तेव्हा बाथरूममध्ये ती एकटी होती. दाराची कडी आतून होती.

पट्टी वाळत घातली. छत्तीस शिंपले, नीटनेटके. आणि सदतिसावं...

जळकं नव्हतं.

त्यात ताई होती. पाठमोरी, बेसिनवर हात धूत. मानेवर सुटलेली एक बट, आणि तिच्यावर खिडकीचा उजेड.

ताईने सदतिसावं चित्र भिंतीचं काढलं होतं. नुसतं बटण दाबायचं म्हणून.

दुसऱ्या रिळातही तेच. शिंपल्यांच्या ट्रेवर वाकलेली ताई, कपाळाला आठ्या.

संग्रहालयाचा नियम होता, पट्टी अख्खी जमा करायची. एक तुकडाही बाहेर राहायचा नाही. बाईंनी भिंगातून पट्टी पाहिली. शिंपल्यांवरून भिंग सरसर गेलं. शेवटी आलं आणि थांबलं.

बाई नुसत्या बघत बसल्या.

"हा कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"मीच. टायमर लावून."

"मग शिंपले असे का नाही काढत? पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचं की नाही, ते ठरायचंय. मला असे फोटो हवेत."

मेलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? ताई करत होती. तिने मला हे सांगितलं तेव्हा मानही खाली घातली नाही. म्हणाली, "ती मेली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तेही तिने टिकू दिलं नाही."

घरी येऊन ताईने तिसरं रीळ भरायला घेतलं. झाकण बंद केलं. दोनदा तपासलं. हँडल फिरवायला लागली आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली, "गेलीस ना? मग जा की. अजून माझ्यापुढेच का नाचतेस?"

बोलण्याच्या नादात मोजणं चुकलं. बावीस झाले होते की एकवीस... ती थांबली. आठवेना. चकती शून्यावर आणायलाही ती विसरली होती. अंदाजाने हँडल एकदा फिरवलं. टक.

मागून, खाटेवरून, नेहमीच्या आवाजात...

"तेवीस."

ताईने मागे वळून पाहिलं नाही. उरलेले तेरा तिने मोजले नाहीत. मोजले गेले.

दुसऱ्या दिवशी तिने शिंपले काढले. जीव ओतून काढले. कोन बदलले, खिडकी उघडली, ठिपकी करायची ते सगळं करून पाहिलं. छत्तीस झाल्यावर ती थांबली. सदतिसावं काढलंच नाही. रीळ गुंडाळून घेतलं.

काळोखात हात लांब केला. कात्री आली.

धुतलेली पट्टी तिने उजेडात धरली.

काळी. पहिल्यापासून छत्तीसपर्यंत, काळी कुळकुळीत.

आणि शेवटी एक स्वच्छ चित्र.

टेबल. खिडकीतलं ऊन. लोडर. लोडरचं लहान झाकण वर. ते धरून ठेवलेला ताईचा डावा हात, हँडलवर उजवा. चेहरा जिन्याकडे कान देणारा. भिंतीवरच्या घड्याळात दोन पस्तीस. उजवीकडे दाराच्या चौकटीची अंधुक कड आलेली. म्हणजे काढणारी उंबऱ्यात उभी होती.

संग्रहालयात पट्टी त्याच संध्याकाळी द्यायची होती.

ताईने तो तुकडा कापायला डावा हात लांब केला. बराच वेळ तसाच ठेवला. या वेळी कात्री आली नाही. शेवटी तिने उठून स्वतः शोधली.

बाईंना तिने काळी पट्टी दाखवली आणि उद्यापासून येणार नसल्याचं सांगितलं.

"जुनी फिल्म होती का?" बाईंनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "फिल्म चांगली होती."

तुकडा, काळी पट्टी आणि लोडर तिने माझ्याकडे आणून दिले. मी रसायनशास्त्र शिकवते. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कुठे जोड नाही, चिकटपट्टीचा डाग नाही. कापलेली कड काळ्या पट्टीच्या कडेला तंतोतंत बसते. कडेचा छापील क्रमांक नव्या डब्याचा आहे. ठिपकी गेल्यावर तीन आठवड्यांनी घेतलेल्या डब्याचा.

मी ताईला विचारलं, "म्हणजे तिने तेव्हा पाहिलं होतं? आणि तरी काही बोलली नाही?"

ताईने भिंग डोळ्याला लावलं होतं. ज्या चित्राने तिची नोकरी घालवली, ते ती पाहत होती. कितीतरी वेळ.

"झाकणावरचा उजेड बघ," ती म्हणाली. "मला असा एकदाही जमला नाही."

आवाजात पश्चात्ताप नव्हता, असं नाही. पण त्याच्याखाली ते दुसरं अजून होतं. मी तिची सख्खी बहीण आहे. मला ओळखू येतं.

लोडर माझ्या कपाटावर आहे. त्यात थोडी फिल्म उरली आहे. मी त्याला हात लावत नाही. गेल्या रविवारी धूळ झटकताना चकतीवरचा आकडा सहज वहीत टिपून ठेवला होता, तारखेसह. बावीस.

घरात मी एकटीच राहते.

आज सकाळी पुन्हा पाहिलं... चोवीस.

छत्तीस व्हायला अजून बारा आहेत.