तक्रार मागे घेण्याचं कारण

चौथ्या मजल्यावर कोण बघणार, म्हणून रविवारी सकाळी मी तोंडाला मातीचा लेप लावून खिडकीत केस वाळवत उभी होते. तेवढ्यात भुंग्यासारखं गुणगुणत काहीतरी समोर येऊन थांबलं. चार पंखे आणि मधोमध एक डोळा... ड्रोन! हाताशी केरसुणी होती. घातली एक. ते गॅलरीत आडवं झालं.

दहा मिनिटांत दाराची बेल वाजली.

"माझा ड्रोन..." दारातला तरुण माझं तोंड बघून अडखळला. लेप तसाच होता!

"लोकांच्या घरात डोकावायला लाज नाही वाटत? मी वकील आहे. नोटीस धाडीन."

"वाऱ्यानं भरकटला हो. मी कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो—"

"तपासता, की लावून बसता?"

तो हसला. इतकं मोकळं, की मलाही हसू फुटलं आणि लेप तडकला.

चित्रण पुसल्याशिवाय ड्रोन मिळणार नाही, असं मी बजावलं. आत्यानं त्याला खुर्ची दिली—माझी आत्या चोरालाही पाणी विचारील—आणि आम्ही लॅपटॉपवर सगळं पाहिलं. माझी खिडकी जेमतेम चार सेकंद होती. ती त्यानं माझ्यादेखत पुसली. पण त्याआधी एक गच्ची होती, आणि पिवळ्या झग्यात गिरक्या घेणारी एक मुलगी. पुढच्या व्हिडिओतही तीच. त्याच्या पुढच्याही!

"ह्या कोण?"

"नृत्यशिक्षिका. मागच्या गल्लीत राहतात. त्यांनीच बोलावलं होतं."

"लेखी परवानगी आहे?"

"नाही... लेखी लागते?"

"लागते!" मी जरा जास्तच जोरात म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी तो कायद्याच्या शंका घेऊन येऊ लागला. कुठे उडवायचा, किती उंच, कुणाला विचारून... मग शंका संपल्या, तरी येतच राहिला. आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर जायचो. रिमोट माझ्या हातात, त्याची बोटं माझ्या बोटांवर, आणि ड्रोन कुठे चाललाय याचं दोघांनाही भान नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

पण तेवढ्यात हमखास त्याचा फोन वाजायचा. नृत्यशिक्षिका! तो लांब जाऊन बोलायचा. मी गवत उपटत बसायचे.

एका शनिवारी तो म्हणाला, "उद्या जमणार नाही गं. तिच्या गच्चीवर चित्रण आहे."

तिच्या. नुसतं 'तिच्या'! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी खिडकीतून मला तो ड्रोन मागच्या गल्लीवर घिरट्या घालताना दिसला. मी कागद ओढला आणि पोलिसांकडे तक्रार लिहिली. राहत्या घरांवर ड्रोन, शेजाऱ्यांच्या खासगीपणाचा भंग, वगैरे. शब्द न् शब्द खरा होता. हेतू तेवढा सोडून.

मंगळवारी ती माझ्या ऑफिसात आली. जवळून तर ती आणखीच सुंदर होती... माझं नशीब!

"पोलिसांनी त्याचा ड्रोन जप्त केलाय. आज चौकशीला बोलावलंय," ती म्हणाली. "आधी तो माझंच नृत्य टिपायचा. मधे गुडघा दुखावला, आता मला वर्गात फिरता येत नाही. मुलींच्या रांगा वरून दिसाव्यात म्हणून मीच त्याला सांगितलं होतं. ही बघा, एकेका मुलीच्या आईची सही. महिनाभर माझ्यामागे धोशा लावून त्यानं मिळवल्या; एकेक सही आली की मी त्याला फोन करायचे. म्हणाला, आमच्या वकीलबाई लेखीशिवाय ऐकत नाहीत."

आमच्या!

"खरं सांगू?" तिनं नजर खाली केली. "मी त्याला लग्नाचं विचारलं होतं. नाही म्हणाला. केरसुणीचा मार बसलाय म्हणे, आता उपाय नाही."

ती कडवट हसली. मला मात्र तिच्यासमोर मान वर करता येईना. "तक्रार मीच केलीय," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं अजून सलतं.

पोलीस ठाण्यात तो बाकावर बसला होता. माझी तक्रार त्याला दाखवली होती, हे चेहऱ्यावरून कळत होतं.

"मला विचारायचंस तरी," तो हळूच म्हणाला.

"विचारायला मी तुझी कोण?"

"तेच ठरवायला दर रविवारी येत होतो ना..."

माझे डोळे भरून आले. मी टेबलाशी जाऊन तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहिला. पोलीसबाईंनी तो चष्मा चढवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी हात जोडले, पण त्या कुठल्या थांबतात!

"कारण... 'मजकूर खरा असला, तरी तक्रारदाराचा हेतू शुद्ध नव्हता. तक्रारदाराला नृत्यशिक्षिकेचा मत्सर वाटत होता, कारण तक्रारदाराचं चष्मेवाल्यावर...'" बाई थबकल्या. "पुढचं खोडलंय. वाचता येत नाही."

"डोळे तपासून देऊ का?" तो उठून टेबलाशी आला.

"त्यांचे नकोत, माझे तपास," मी म्हटलं. "मलाच इतके दिवस दिसलं नाही."

"माझ्या ठाण्यात हे चालणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय पुन्हा उडवलास, तर दोघांनाही आत टाकीन."

"एकत्र?" त्यानं विचारलं.

बाईंनी ड्रोन त्याच्या हातात कोंबला आणि दाराकडे बोट दाखवलं. पायऱ्या उतरताना त्यानं ड्रोन दुसऱ्या बगलेत सरकवला. माझ्या बाजूचा हात मोकळा केला... आणि मी तो धरला.